डोळ्यांवरचा डबा आणि खांद्यावरचं ओझं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

भाकऱ्या थापत ऐकणाऱ्या, गोठ्यात रेडिओ टांगून धारा काढणाऱ्या आणि शिलाई मशीनवर बसलेल्या सगळ्या जणींना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

मागच्या वेळी आम्ही गटाच्या वह्या आणि बँकेचे हप्ते यांवर बोललो होतो. आज जरा वेगळाच विषय घेऊन आलोय. त्याचं नाव व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, थोडक्यात व्हीआर. वर्तमानपत्रात त्याला आभासी वास्तव म्हणतात. आमच्या गावातली पोरं त्याला सरळ 'डोळ्यांवरचा डबा' म्हणतात. पोहताना लावतात तसा चष्मा, पण मोठा आणि समोरून बंद. तो लावला की आपण बसलेलो असतो खोलीत, आणि दिसतो मात्र समुद्र, डोंगर, नाहीतर माणसांनी भरलेलं मैदान.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना याचं काय? आम्हालाही तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी आमच्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव लिहिला गेला, आणि त्या ठरावाच्या मागं मागं जात आम्ही त्या डब्यापर्यंत पोचलो. खेळणाऱ्या मुलींच्या मनासाठी तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते आम्ही जवळून बघितलं. तेच आज सांगणार आहोत. ज्या मुलीची ही हकिगत आहे, तिला आणि तिच्या आईला विचारूनच बोलतोय. नाव सांगणार नाही. तिला आपण 'आमची पोरगी' म्हणू.

आमची पोरगी कबड्डी खेळते. सहावीपासून खेळते. शाळेच्या मातीच्या मैदानावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा. राज्याच्या निवड चाचणीला तिचं नाव आलं तेव्हा गावानं चौकात फ्लेक्स लावला. मोठा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस नावं, त्यांत आमच्या गटाचंही. आणि त्याच चाचणीत, चढाईवरून परत वळताना तिचा पाय मॅटवर जागच्या जागी राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यातून 'कट' असा आवाज आला, असं ती सांगते. एमआरआय काढल्यावर कळलं की गुडघ्यातला अस्थिबंध तुटलाय. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारी ही दोरी. पळता पळता थांबणं, वळणं, उडी मारून उतरणं, सगळं तिच्या जिवावर. मैदानी खेळांत ही दुखापत नेहमीची, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त दिसते.

ऑपरेशन झालं. त्यासाठी तिच्या आईनं गटातून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं. हाच तो ठराव. सगळ्यांचे हात वर गेले. खेळाडूसाठी गावानं पैसे उभे करणं आपल्याकडं नवं नाही. १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला निघाले तेव्हाही लोकांनी वर्गणी काढली होती, आणि त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. आमच्या बैठकीत कुणीतरी हे उदाहरण दिलं आणि अंगावर काटा आला. पोरगी तेव्हा कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. तिनंही ते ऐकलं.

मग नऊ-दहा महिने फिजिओथेरपी चालली. तिनं एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गुडघा खेळायला तयार आहे. आम्ही पेढे वाटले. पण मैदानावर भलतंच झालं. एकटी असली की पळायची, वळायची, सगळं करायची. सामना लागला, मैदानाभोवती माणसं जमली, की मध्यरेषेवर उभी राहून 'कबड्डी' म्हणायला तोंड उघडायची आणि दमच फुटायचा नाही. हात गार पडायचे. पोटात दुखतंय म्हणून बाजूला बसायची. असं तीनदा झालं. गावात कुजबुज सुरू झाली, "नाटकं करते." तिचे वडील म्हणाले, "झालं तेवढं पुरे. अठरा पूर्ण झाली, स्थळं यायला लागलीत. पाय पुन्हा मोडला तर कोण करणार तिला?" तिची आई बैठकीला यायची, हप्ता सगळ्यांच्या आधी भरायची आणि मान खाली घालून बसायची.

शाळेच्या क्रीडाशिक्षिका आम्हाला म्हणाल्या, "पाय बरा झालाय, भरवसा बरा झालेला नाही." या ऑपरेशननंतर असं पुष्कळ खेळाडूंचं होतं. शरीर तयार असतं, पण पुन्हा तेच होईल या भीतीनं कितीतरी जण मैदानावर परतच येत नाहीत. पुण्यात त्यांच्या ओळखीच्या एक क्रीडा मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांच्याकडं हा व्हीआरचा चष्मा होता. वडील म्हणाले, "शेवटचं जाऊन या." मग पहाटेच्या एसटीनं पोरगी, तिची आई आणि गटातल्या आम्ही दोघी-तिघी निघालो.

आम्हाला वाटलं होतं, गेल्या गेल्या डबा लावतील. पण त्या मॅडमनी तासभर नुसते प्रश्न विचारले. झोप किती लागते? सकाळी काय खातेस? सरावानंतर काय खातेस? पाळी वेळेवर येते का? आम्ही एकमेकींकडं बघितलं. मॅडमनी समजावलं, की मुलगी जेवढी ताकद खर्च करते तेवढं तिच्या पोटात गेलं नाही तर पाळी लांबते, थांबते, हाडं कमजोर होतात, चिडचिड वाढते, मन लागत नाही. म्हणून आधी झोप, जेवण, पाळी. मग चष्मा. मैत्रिणींनो, दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. हे विचारायला पुण्याला जावं लागत नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "आधी तुम्ही लावून बघा, म्हणजे पोरीलाही धीर येईल." आमच्यातल्या आक्कांनी लावला. समोर समुद्र आला. लाट जवळ आली तशी आक्कांनी दोन्ही हातांनी लुगडं वर धरलं! खुर्चीवर बसलेल्या, पायाखाली फरशी, आणि लुगडं भिजू नये म्हणून वर. पोरगी कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

हे होतं कसं, तर आपले दोन डोळे एकच वस्तू जरा वेगवेगळ्या बाजूनं बघतात, आणि मेंदू ती दोन चित्रं जुळवून लांबी-खोली ओळखतो. चष्म्यात दोन भिंगं असतात आणि प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दाखवतात, म्हणून ते सपाट न दिसता खोल दिसतं. आणि आत असं यंत्र असतं की डोकं वळवलं तसं चित्रही वळतं. मागं बघितलं तर मागचं दिसतं. आपल्याला माहीत असतं की हे खोटं आहे. तरी छाती धडधडते, हाताला घाम येतो. अंगाला ते खरं वाटतं.

आणि याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. अमेरिकेत अटलांटाला बार्बरा रोथबॉम नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आणि संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना अशा चष्म्यातून थोडं थोडं उंचावर नेलं. पूल दाखवले, गच्ची दाखवली, काचेची लिफ्ट दाखवली. भीती वाटली तरी माणूस खोलीत सुखरूप असतो. हळूहळू ती भीती कमी झाली. म्हणजे हा उपाय खेळाडूंपर्यंत यायच्या आधी भित्र्या माणसांसाठी आला होता.

खेळात तो आला त्याला दहा-बारा वर्षं झाली. २०१४ च्या सुमाराला अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलेन्सन या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत डेरेक बेल्श हा विद्यार्थी शिकत होता. तो तिथल्याच अमेरिकन फुटबॉल संघाचा जुना खेळाडू. त्यानं सरावाच्या वेळी मैदानात सगळ्या बाजूंनी चित्रण करणारा कॅमेरा ठेवला आणि ते खेळाडूंना चष्म्यातून दाखवलं. समोरचा संघ कसा उभा राहतो, कोण कुठून येतो, हे अंगाला धक्का न लागता पुन्हा पुन्हा बघता येऊ लागलं. पुढं २०१५ मध्ये त्यानं त्याची कंपनी काढली. २०१८ ला दक्षिण कोरियात प्योंगचांगला हिवाळी ऑलिम्पिक झालं, तेव्हा अमेरिकेच्या बर्फावर घसरणाऱ्या स्की खेळाडूंनी हेच वापरलं. आता बघा, स्कीचा उतार म्हणजे जीव मुठीत धरून खाली यायचं, आणि सामन्याआधी त्या उतारावर सरावाच्या फेऱ्या मोजक्याच मिळतात. म्हणून कॅमेरा घेऊन कुणीतरी तो उतार उतरायचा, आणि खेळाडूनं आपल्या देशात, खोलीत बसून तो बघायचा. कुठं वळण आहे, कुठं चढ संपून एकदम खोल जातं. प्रत्यक्ष तिथं गेल्यावर ती जागा परकी वाटत नाही.

दुखापतीमुळं घरी बसलेल्या खेळाडूला तर याचा जास्त आधार. पाय प्लास्टरमध्ये असला तरी नजर आणि डोकं सरावात राहतं. आपण संघातून पडलो, असं वाटत नाही.

पण हा चष्मा कबड्डी शिकवत नाही, हे मॅडमनी आधीच स्पष्ट केलं. कबड्डीत हात लागतो, घोटा धरला जातो, अंगावर पाच जणी येतात. त्यातलं काहीच त्या चष्म्यात नाही. खेळ मातीतच शिकायचा. चष्म्यात करायचा तो भीतीचा सराव.

तो कसा, ते आम्ही तिथंच बघितलं. मॅडमनी पोरीला खुर्चीत बसवलं. श्वास आत घेताना मनात चार मोजायचे, सोडताना सहा, असं आधी शिकवलं. मग भीतीला आकडा द्यायचा. अजिबात नाही म्हणजे शून्य, आता पळूनच जावंसं वाटतंय म्हणजे दहा. पहिल्यांदा रिकामं स्टेडियम दाखवलं. "आकडा किती?" "दोन." थोडा वेळ तिथंच थांबले. मग चार-दोन माणसं बसलेली. "तीन." मग अर्धं स्टेडियम भरलं. मग पूर्ण भरलं आणि आवाज सुरू झाला. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी विचारलं, "आता आकडा किती?"

पोरगी म्हणाली, "तीनच."

मॅडमनाही नवल वाटलं. हजारो माणसं ओरडतायत आणि हिचा आकडा तीनवरच. त्यांनी चष्मा काढायला लावला, पाणी दिलं आणि विचारलं, "हे कसं गं?"

ती खाली बघत म्हणाली, "या गर्दीत ओळखीचं कुणी नाही ना, मॅडम."

आम्ही तिथंच बसलो होतो. तिच्यापासून दोन हातांवर.

मैत्रिणींनो, परतीच्या एसटीत आम्ही कुणी फारसं बोललो नाही. मनात मात्र सगळं आठवत होतं. ऑपरेशन झाल्यापासून पोरगी दिसली की आम्ही काय म्हणायचो? "काय गं, कधी उतरणार मैदानात?" "गावाचं नाव काढायचंय बरं तुला." "आमचे चाळीस हजार वसूल करून दे बाई!" हे आम्ही हसत म्हणायचो. मायेनं म्हणायचो. ती पण हसायची. बैठकीत खाशाबांचं उदाहरण दिलं ते तिला बळ यावं म्हणून. पण कोपऱ्यात बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला त्यातून काय ऐकू आलं असेल? तिला ऐकू आलं, की यांनी पैसे दिले, आता मी पदक द्यायचं. चौकातला फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला होता, तरी तसाच होता. क्लासला जाताना रोज ती स्वतःच्या फोटोखालून जायची. गुडघा मोडायच्या आधीचा फोटो.

तिला भीती पुन्हा पडण्याची होतीच. पण त्याहून जास्त भीती, पडताना आम्ही बघू याची होती.

मॅडमनी निघताना दोन-तीन खेळाडूंच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या आता नीट कळल्या. अमेरिकेची सिमोन बाइल्स, जगातली सर्वांत मोठी जिम्नॅस्ट. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, सांघिक अंतिम फेरी चालू असताना ती बाजूला झाली. हवेत गिरकी घेताना आपण कुठं आहोत याचं भानच सुटतंय, असं तिनं सांगितलं. लोक वाट्टेल ते बोलले. तिनं वेळ घेतला, मदत घेतली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. आपली जेमिमा रॉड्रिग्ज बघा. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या, आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितलं की या स्पर्धेत तिचं मन फार अस्वस्थ होतं, ती आईला फोन करून रडायची. या दोघींनी चष्मा वापरला असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की एवढ्या मोठ्या खेळाडू 'मला जमत नाहीये' असं बोलू शकल्या, कारण ते ऐकून घेणारं कुणीतरी जवळ होतं. आमच्या पोरीला आमच्यापाशी ते बोलायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

तिसरी गोष्ट अभिनव बिंद्राची. २००८ ला बीजिंगमध्ये नेमबाजीत भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक त्यानं मिळवून दिलं. तिथलं नेमबाजीचं सभागृह फार मोठं, म्हणून त्यानं चंडीगडला लग्नाचा हॉल भाड्यानं घेतला आणि तिथं सराव केला. परकी जागा ओळखीची व्हावी म्हणून. तेव्हा कुठला चष्मा? पण काम तेच. मॅडम म्हणाल्या, "चष्मा नसेल तर लग्नाचा हॉल आहेच की."

हे वाक्य आम्ही धरून ठेवलं. कारण चष्मा घ्यायचा तर तीस-चाळीस हजार, म्हणजे चार शेळ्या. आणि दर आठवड्याला पुणं परवडणार नव्हतं. मॅडमकडं पुढं तीनदा गेलो, बाकी सगळं गावातच केलं.

पहिल्यांदा गटाची बैठक घेतली. पुण्यात जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. शांतता झाली. काही जणींना राग आला. "आम्ही काय वैरी आहोत का तिचे?" असंही एक जण म्हणाली, आणि तिचंही चुकलं नव्हतं. मायेचं ओझं हे ओझंच वाटत नाही, देणाऱ्याला तर नाहीच. तासभर बोलणं झालं आणि मग ठराव लिहिला. कर्ज आईच्या नावावर आहे, त्याचा विषय पोरीसमोर कुणीही, गमतीनंसुद्धा, काढायचा नाही. सामन्याचा निकाल तिला कुणी विचारायचा नाही. ती आपण होऊन सांगेल तर ऐकायचं. विचारायचंच असेल तर जेवलीस का, झोप लागली का, एवढं विचारायचं. आणि चौकातला फ्लेक्स काढायचा. फ्लेक्स तिच्या वडिलांनीच शिडी लावून काढला. खाली उतरल्यावर काही बोलले नाहीत. नीट गुंडाळून घरी घेऊन गेले.

मग आम्ही आमचा 'लग्नाचा हॉल' तयार केला. शाळेचं मैदान, संध्याकाळी साडेपाचची वेळ, आणि गर्दी म्हणजे आम्हीच! पहिल्या दिवशी नुसत्या तीन जणींनी गप्प बसायचं. पोरगी आणि तिच्या मैत्रिणी खेळणार. क्रीडाशिक्षिका मधूनमधून विचारणार, आकडा किती? पहिल्या दिवशी आकडा आठ होता. पुण्यात हजारो माणसांसमोर तीन, आणि इथं तीन बायकांसमोर आठ! आठ आला की थांबायचं, श्वास घ्यायचा, पाचावर आला की पुन्हा उभं राहायचं. पुढच्या आठवड्यात सात जणी. मग पंधरा. मग टाळ्या. मग ताटं वाजवणं. मग विरुद्ध संघाच्या बाजूनं ओरडणं! त्यात आमच्या काकूंची हुशारी बघा, पोरगी चढाईला निघाली आणि या ओरडल्या, "सांभाळून गं, गुडघा!" सगळं मैदान थांबलं. जे आठवायचं नाही तेच आठवून दिलं. काकूंनी जीभ चावली, पोरगी तर हसून खालीच बसली. आकडा विचारला तर म्हणाली, "एक."

एक कागदी चष्माही आम्ही आणला. पुठ्ठ्याच्या डब्यात दोन भिंगं आणि समोर मोबाइल ठेवायची खाच. गूगलनं २०१४ साली हा प्रकार आणला, आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यात डोकं वळवल्यावर चित्र वळायचं तर मोबाइलमध्ये जायरोस्कोप लागतो. आमच्यातल्या दोन मोबाइलमध्ये तो नव्हता, त्यामुळं समुद्र जागचा हलेना. तिसऱ्यात चाललं. तो चष्मा पोरगी झोपायच्या बऱ्याच आधी, पाच-सात मिनिटं, जंगलाचं किंवा समुद्राचं दृश्य बघत श्वासाचा सराव करायला वापरते. तिच्या आईनंही एकदा लावला. पाच मिनिटांनी काढून म्हणाली, "एवढा वेळ मला कुणी हाक मारली नाही, बरं वाटलं."

मॅडमकडच्या शेवटच्या फेरीत आणखी एक गोष्ट झाली, ती आम्हाला फार मोलाची वाटते. त्यांनी पोरीला चष्म्यात खेळाचं काहीच दाखवलं नाही. एक खोली दाखवली, टेबलापलीकडं तीन माणसं बसलेली, आणि सांगितलं, ही मुलाखत आहे, तुझ्याबद्दल बोल. कारण कबड्डी काही आयुष्यभर खेळता येत नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कागद नीट ठेवावे लागतात, अर्ज भरावे लागतात, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलावं लागतं. आणि नोकरीचं सोडा, खेळ सुटल्यावर 'मी कोण' हा प्रश्न मोठमोठ्यांना पडतो. बिंद्रानंही मोकळेपणानं सांगितलंय, की सुवर्णपदक जिंकल्यानंतर त्याचं मन एकदम रिकामं झालं होतं, तो काळ त्याला फार जड गेला. म्हणून खेळाच्या जोडीनं माणूसही वाढला पाहिजे. पोरीनं त्या खोट्या खोलीत चार वेळा मुलाखत दिली. पहिल्या वेळी फक्त नाव सांगून थांबली. चौथ्या वेळी स्वतःच्या दुखापतीबद्दल न अडखळता बोलली. पुढच्या महिन्यात गटाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचायला आमच्या सचिवताईंचा आवाज बसला होता, तर तिनं उभं राहून सगळा वाचला. एक आकडा आमचाच चुकला होता, तोही दाखवून दिला!

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, कारण उद्या कुणीतरी मोबाइलला डबा लावून पोरांना बसवेल. चष्मा लावताना नेहमी बसूनच लावायचा आणि जवळ एक माणूस हवं. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण बसलोय. या भांडणात काहींना गरगरतं, मळमळतं. तसं झालं की लगेच काढायचा. ज्यांना फिट येते त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. लहान मुलांना देऊ नये, डब्यावर वय लिहिलेलं असतं ते बघावं. आणि भीतीचा सराव जाणकार माणसाशिवाय करू नये. आम्ही मैदानावर जे केलं तेही मॅडमना दर आठवड्याला फोनवर विचारून केलं.

सर्वांत महत्त्वाचं, चष्मा म्हणजे औषध नाही. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, 'जगून काय करायचं' असं म्हणत असेल, तर कुठलाही डबा शोधत बसू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. पुन्हा सांगतो, १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. खेळाडूला लाज वाटते, ती म्हणते मी खंबीर असायला पाहिजे. तेव्हा फोन आपण लावून द्यावा आणि शेजारी बसावं.

शेवटी, तुम्हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न आम्हाला माहीत आहे. मागच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी झाली. आमची पोरगी गेली होती. वडीलही गेले होते, लांब कडुनिंबाखाली उभे होते. ती मध्यरेषेवर आली, दम धरला आणि चढाईला गेली. एकदा नाही, सहा वेळा गेली. एकदा पकडीत पडली, उठली, गुडघा झटकला आणि परत जागेवर गेली. स्थळाचं बोलणं सध्या बंद आहे. वडील म्हणाले, "बघू, तिचं तिला ठरवू दे."

निवड झाली का? मैत्रिणींनो, ते आम्ही सांगणार नाही. आम्ही ठरावच केलाय, निकाल विचारायचा नाही. चाचणीवरून ती परत आली तेव्हा आमच्या बैठकीची वेळ होती. दारात बूट काढून ती आत आली, घामानं चिंब. आम्ही सगळ्यांनी मान वर केली. प्रश्न अगदी जिभेवर आला होता, खोटं कशाला बोला. मग आक्का म्हणाल्या, "जेवलीस का?" ती म्हणाली, "नाही, फार भूक लागलीय." मग कुणी भाकरी आणली, कुणी पिठलं. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग आपण होऊन सांगायला लागली.

तुमच्याही घरात, गल्लीत एखादी मुलगी मैदानावरून येत असेल. कबड्डीहून, धावण्याहून, पोलीस भरतीच्या सरावाहून. आज ती आली की तिला पहिला प्रश्न कुठला विचारायचा, हे तिच्या पायाचा आवाज ऐकू येईपर्यंत ठरवून ठेवा.

एवढं बोलून आम्ही निरोप घेतो. पुढच्या वेळी भेटू ते गटाच्या पापड-कुरडयांच्या हिशेबासह. नमस्कार!